पुष्करचा कार्तिक मेळा : मुंबईहून जायचं तर कोणते दिवस धरायचे?

परळकर

दिवाळी जवळ आली की राजस्थानात अजमेरजवळच्या पुष्करबद्दल तेच प्रश्न वेगवेगळ्या धाग्यांवर सुटे सुटे येतात, म्हणून एका जागी लिहितोय. जाणकारांनी भर घालावी.

सगळ्यात आधी दिवसांचं. पुष्करला एकाच नावाखाली दोन मेळे भरतात, एक जनावरांचा आणि दुसरा स्नानाचा. जनावरं दिवाळी उरकली की यायला लागतात, कार्तिक शुद्ध अष्टमी-नवमीपर्यंत मैदान भरलेलं असतं आणि एकादशीपासून ओसरतं. स्नानाचा मेळा त्याच एकादशीला सुरू होतो आणि पौर्णिमेला, म्हणजे आपल्या त्रिपुरीला, संपतो. 'मेळा कार्तिक पौर्णिमेला असतो' एवढंच वाचून निघालेली मंडळी चतुर्दशीला पोचतात. मैदानात तोवर उरतात ते पर्यटकांना फिरवणारे उंटगाडे, आकाशपाळणे आणि लेंड्या. मग 'पुष्करला आता काही राहिलं नाही' अशी प्रतिक्रिया येते. जनावर विकलं गेल्यावर मालक तिथे विकतचा चारा घालत कशाला बसेल? शिवाय घरी रब्बीची पेरणी खोळंबलेली असते.

यंदा, २०२६ ला, अधिक ज्येष्ठामुळे सगळे सण उशिरा आहेत. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबर, भाऊबीज ११, एकादशी २० ला लागते, पौर्णिमा २४ ला. त्यामुळे जनावरं बघायची तर १४ ते १८ नोव्हेंबर आणि स्नान-दीपदान बघायचं तर २० ते २४. दोन्ही थोडं थोडं हवं असेल तर १७ ला पोचून २० च्या रात्री परत निघावं. एकादशीचं स्नान मिळतं, पौर्णिमेची रेटारेटी टळते. उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो, तरी शुद्ध पक्षाचं नाव दोन्हीकडे तेच, तेव्हा घरातलं कालनिर्णय बिनदिक्कत वापरा.

आणखी एक खूण. राजस्थानचं पशुपालन खातं मेळ्याची कार्यक्रमपत्रिका काढतं. त्यात झेंडा चौकी, सफेद चिठ्ठी, रवन्ना अशा नोंदी तारखांसकट असतात. पर्यटन खात्याच्या रंगीत पत्रकात उंटांची शर्यत आणि मिशांची स्पर्धा ठळक असते, या नोंदींकडे कोणी बघत नाही. रवन्ना म्हणजे खरेदी झालेलं जनावर मैदानाबाहेर न्यायचा परवाना. तो ज्या दिवसापासून मिळायला लागतो, त्या दिवसापासून मैदान रिकामं व्हायला लागतं. जनावरांसाठी जाणाऱ्याने रवन्नाच्या आधी पोचायचं.

रेल्वे : वांद्रे टर्मिनसहून अरावली एक्सप्रेस आणि दिल्लीची गरीब रथ, दादरहून अजमेर सुपरफास्ट. सगळ्या अहमदाबाद, अबू रोडमार्गे अजमेरला जातात. गाडीप्रमाणे सतरा ते एकोणीस तास. रोज कोणती आणि आठवड्यातून काही दिवस कोणती, ते तिकीट काढताना बघा. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० नाही. १३ नोव्हेंबरची गाडी हवी असेल तर हिशेबाने १४ सप्टेंबर येतो, आणि त्या दिवशी गणेश चतुर्थी आहे. सकाळी आठला आधी तिकीट, मग प्राणप्रतिष्ठा.

विमानाने जयपूर गाठलं तर पुढे रस्त्याने साधारण १४५ किमी. किशनगढचा विमानतळ जवळ पडतो पण तिथल्या सेवा कमी आहेत, त्याच्या भरवशावर बेत आखू नका.

भटका_जोगेश्वरी

उत्तम धागा. वाचनखूण साठवली.

राहण्याबद्दल माझ्याकडून. पुष्कर हे एवढंसं गाव आहे आणि मेळ्यात हॉटेलांचे दर कित्येक पटींनी चढतात. एरवीचा दर बघून अंदाज बांधू नका, मेळ्याच्या तारखा टाकूनच शोधा. पर्याय तीन. गावात राहणं महाग पण पहाटेच्या मैदानासाठी सोयीचं. वाळूतले तंबू त्याहून महाग, आणि 'मैदानाला लागून' म्हणून विकलेला तंबू बऱ्याचदा तीन-चार किमीवर निघतो, त्यामुळे पैसे भरण्याआधी नकाशावरचं ठिकाण मागून घ्या. तिसरं म्हणजे अजमेरला स्टेशनजवळ उतरायचं. अंतर जेमतेम पंधरा किमी, मधे नाग पहाडाचा घाट. राजस्थान रोडवेजच्या बस सतत असतात, मेळ्यात जादा सोडतात.

अजमेरला राहण्यातली अडचण म्हणजे पहाट. मैदानावरची खरी वेळ उजाडताना ते नऊ आणि मग चार ते अंधार पडेपर्यंत. मधल्या उन्हात जनावरंही झोपतात आणि व्यापारीही. पहिली बस धरूनसुद्धा तुम्ही उजाडल्यावरच पोचता. त्यामुळे निदान एक रात्र गावात काढा, उरलेल्या अजमेरला. पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळपासून गाड्या गावाबाहेर अडवतात आणि सामान उचलून चालावं लागतं. चाकांची बॅग त्या वाळूत आणि शेणात ओढता येत नाही, पाठीवरची सॅक घ्या.

पुष्करपर्यंत रेल्वेचा फाटाही आहे, पण तो वळसा घालून जातो. बसच बरी.

नभा

मैदान नेमकं कुठे? नकाशावर दोन-तीन ठिकाणं दाखवतात.

भटका_जोगेश्वरी

@नभा, तळं मधे, त्याच्या कडेने सदर बाजाराची गल्ली, गल्लीच्या पश्चिम टोकाला ब्रह्मा मंदिर. मंदिर ओलांडून पुढे गेलात की वाळू लागते. उंट आणि घोडे त्या बाजूला उतरतात. मेळा स्टेडियम वेगळं, तिथे स्पर्धा, कार्यक्रम आणि लाऊडस्पीकर. जनावरांची जागा बांधकामं वाढतील तशी बाहेर सरकत चालली आहे, म्हणून जुन्या ब्लॉगवरचे नकाशे धरू नका. सकाळी चारा लादलेली उंटगाडी कुठे चालली आहे ते बघा आणि तिच्यामागे जा.

जनावरांचा_डॉक्टर

मैदानात कसं वागावं हे कोणी लिहीत नाही, आणि दरवर्षी कोणीतरी लाथ खातं.

घोड्यांपासून सुरुवात. घोडा मैदानात आगाडी-पिछाडीवर बांधलेला असतो. पुढचे दोर दोन बाजूंच्या खुंट्यांना, मागच्या पायाचा दोर मागे लांबवर ठोकलेल्या खुंटीला. ही मागची खुंटी वाळूत बुजलेली असते आणि दोर मातकट, त्यामुळे तो दिसत नाही. फोटोसाठी मागे मागे सरकणारे लोक त्यालाच अडखळतात. दोर हिसकला की घोडा बिथरतो आणि शेजारचे चार घोडेही. दोन ओळींच्या मधून आडवं कधी जाऊ नका, ओळ संपेपर्यंत चाला. घोड्याजवळ जायचं तर मालकाला विचारून, डाव्या खांद्याकडून, बोलत बोलत. घोडीजवळ उभं असताना मागे कोणी घोडा आणतंय का याकडे लक्ष ठेवा.

उंटांची गोष्ट वेगळी. कार्तिक ते माघ हा नर उंटाचा माजाचा काळ, आणि मेळा बरोबर त्याच्या तोंडाशी येतो. माजावर आलेला नर ओळखणं सोपं आहे. तोंडाला फेस, दातांचा करकर आवाज, मानेच्या वरच्या बाजूला कानांमागे काळपट चिकट स्राव, आणि मधूनच तोंडाच्या एका बाजूने गुलाबी फुग्यासारखं काहीतरी गुरगुरत बाहेर येतं. ती जीभ नव्हे, टाळूचा मऊ भाग आहे. लोक तो व्हिडिओत पकडायला पुढे सरकतात. करू नका. उंट लाथेपेक्षा चाव्याने जास्त इजा करतो आणि त्याची मान तुमच्या अंदाजापेक्षा बरीच लांब पोचते. अशा उंटापासून निदान दोन उंटांएवढं अंतर ठेवा. माद्या आणि वयात न आलेले उंट शांत असतात, लहान मुलांना तिकडे न्या.

ठाणे_पूर्व

डॉक्टर, खरेदी करणारे काय बघतात ते लिहा ना. समजलं तर नुसतं फिरण्यापेक्षा मजा येईल.

जनावरांचा_डॉक्टर

@ठाणे_पूर्व, आधी दात. बैलाच्या बाजारात आपल्याकडे आदत, दुसा, चौसा, सहादाती, जुळलेला म्हणतात, तोच प्रकार. घोड्याची पुढच्या दातांची एकेक जोडी अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांना बदलते, पाचव्या वर्षी तोंड भरतं. त्यानंतर वय दाताच्या झिजेवरून आणि मिटलेल्या खाचांवरून काढतात, त्यात मतभेद होतात आणि घासाघीस तिथेच रंगते. उंट उशिरा दाती येतो. पहिली पक्की जोडी पाचव्या वर्षाच्या सुमाराला, सातव्यापर्यंत जबडा पुरा.

उंटाचं मदार, म्हणजे पाठीवरचा उंचवटा, हाताने दाबून बघतात. ती चरबी आहे, पाणी नव्हे. ताठ आणि घट्ट असेल तर जनावर खाऊनपिऊन आहे, एका बाजूला लवंडलं असेल तर उपाशी राहिलेलं किंवा आजारातून उठलेलं. मग बसवून उठवतात. छातीखालचा जाड घट्टा फुटलेला आहे का, पायाचा तळवा कुठे कापलाय का, हे बसल्या-उठल्याशिवाय कळत नाही. खरजेसाठी काखा आणि मांड्यांच्या आतली कातडी बघतात. अंगावर ताजं काळं तेल चोपडलेलं असेल तर जाणता गिऱ्हाईक दोन पावलं मागे जातो, कारण खरूज झाकायची ती जुनी रीत आहे. कुठे कुठे ते नुसतं औषध म्हणूनही लावतात, पण विचारायचं. आणि दूरवर चालवत नेऊन आणतात, सरळ रेषेत.

मारवाडी घोड्यात कान. टोकं आत वळून एकमेकांना टेकली पाहिजेत. मग उंची, खांद्याच्या उंचवट्यापाशी, इंचांत बोलतात. साठ इंच म्हणजे पंधरा हात. मग भोवरे, म्हणजे केसांची वलयं कुठे आहेत, यावरून शुभ-अशुभ. विज्ञान म्हणून त्याला अर्थ नाही, पण किमतीत फरक पडतो हे खरंच. शेवटी रेवाल चाल : स्वाराच्या हातातलं पाणी सांडू नये इतकी सपाट.

सौदा ठरला की विसार देतात. भाव बऱ्याचदा कापडाखाली बोटं धरून ठरतो, आपल्या बाजारांत चालतं तसंच. तिथे मान खुपसून बघायला जाऊ नका, दोघंही उठून जातील.

परळकर

डॉक्टर, हेच हवं होतं.

'अमुक कोटींचा घोडा' या बातम्यांबद्दलही एक सांगून टाकतो. ते घोडे बहुतेक विकायला आलेलेच नसतात. मालक नस्ल दाखवायला आणि घोडीला लावण्याचे पैसे वाढवायला आणतो. आकडा विचारणाऱ्याच्या कॅमेऱ्यासाठी असतो. खरा व्यवहार बघायचा तर गर्दी नसलेल्या कोपऱ्यात, जिथे चारपाच जण उकिडवे बसलेत आणि कोणाचाही आवाज चढलेला नाही, तिथे थांबा.

सारंगखेडी

उंटांवर लिहायला हवं. पुष्कर म्हणजे उंट असं चित्र सगळीकडे छापलेलं असलं तरी अलीकडे मैदानात घोडे जास्त आणि उंट कमी असतात. २०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे ४ लाख उंट होते, २०१९ ला अडीच लाख. त्यातले सुमारे २ लाख १३ हजार एकट्या राजस्थानात. ट्रॅक्टर आणि पिकअप आले, गायरानं गेली, ओरणात, म्हणजे तिकडच्या देवराईत, चराईला बंदी आली. २०१४ ला उंट राज्यपशू झाला आणि २०१५ ला कायदा आला : कत्तलीला बंदी, परवानगीशिवाय राज्याबाहेर नेण्यालाही बंदी. हेतू चांगला, पण बाहेरचा गिऱ्हाईक तुटला आणि नराची किंमत पडली. पिढ्यानपिढ्या उंट पाळणारे रायका-रेबारी लोक हे उघड बोलतात. नुसता 'बिचारा उंट' असा सूर लावून त्यांच्याशी बोलायला गेलात तर दोन वाक्यांत संभाषण संपेल. चारा कुठून आणता, दूध विकलं जातं का, लोकर कातरता का, असं विचारा.

जुहूला फिरवण्यासाठी उंट घ्यायचा का, असं एका वेगळ्या धाग्यावर कोणीतरी गमतीत विचारलं होतं. वरच्या कायद्यात त्याचं उत्तर आलं.

आत्याबाई

आईला (७२, गुडघे दुखतात) पौर्णिमेच्या स्नानाला न्यायचंय. ती जनावरांच्या भानगडीत पडणार नाही. पौर्णिमाच हवी असं म्हणते. शक्य आहे का?

भटका_जोगेश्वरी

@आत्याबाई, शक्य आहे, पण आईंना विचारा की एकादशी चालेल का. एकादशी ते पौर्णिमा पाचही दिवस स्नानाचेच मानतात, पंचतीर्थ स्नान म्हणतात त्याला. एकादशीला गर्दी असते पण बसता येतं. पौर्णिमेला पहाटे तीन-चारपासून घाटांवर माणसाला माणूस लागतो, पायऱ्या ओल्या आणि शेवाळलेल्या, आणि गर्दी एकाच दिशेने सोडतात, म्हणजे एकदा उतरलात की मनात आलं म्हणून परत वर येता येत नाही. गुडघ्यांसाठी ते वाईट.

पौर्णिमाच करायची तर बावन्न घाटांपैकी वराह, ब्रह्म आणि गऊ घाट सोडून द्या, सगळा लोंढा तिथेच असतो. पूर्वेकडचे लहान घाट धरा. पहाटेचा मुहूर्त टाळून सकाळी दहानंतर जा. त्या दिवशी तिथी रात्रीपर्यंत आहे, पुण्य कमी होणार नाही. पाण्यात पूर्ण उतरायची गरज नाही, तांब्या घेऊन कडेच्या पायरीवर बसून स्नान होतं. तांब्या मुंबईहून न्या, पितळी नको, स्टीलचा, हलका.

घाटाच्या बऱ्याच आधी चपला काढायच्या असतात आणि नोव्हेंबरच्या पहाटे फरशी बर्फासारखी असते. जाड मोजे घालून जाऊ द्या, घाटाच्या तोंडाशी काढायचे. कोरडे कपडे वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, आणि एक माणूस फक्त सामान धरायला वर थांबलेला. साबण अजिबात नाही. घाटावर फोटोला बंदी आहे, आंघोळ करणाऱ्यांचे तर विचारूच नका.

पाणी पावसावर अवलंबून असतं. २००९ ला तळं कोरडं पडलं होतं आणि लोकांनी कुंडांत स्नान केलं. निघण्याआधी त्या वर्षीचा पाऊस बघा.

मुलुंडकर_काका

पंड्यांचं कोणीतरी लिहा. तिथे लोक फसतात.

परळकर

@काका, फसवणूक म्हणण्यापेक्षा संकल्पाचा सापळा म्हणू या. गावात शिरताना कोणीतरी हातात फूल देतं आणि 'तळ्यात सोडा' म्हणतं. घाटावर गेलात की मंत्र सुरू, नाव-गोत्र विचारतात, आणि मंत्राच्या ओघात 'इतक्या ब्राह्मणांचं भोजन मी देईन' हे तुमच्याकडून म्हणवून घेतात. मग तळ्याच्या साक्षीने बोललेला शब्द मोडायचा कसा, असा प्रश्न. मनगटाला लाल दोरा बांधला की तुमचं झालं, पुढचे पंडे विचारत नाहीत, म्हणून परदेशी लोक त्याला पुष्करचा पासपोर्ट म्हणतात.

उपाय : फूल घ्यायचंच नाही. पूजा करायची असेल तर वरच, घाटाच्या पायऱ्या उतरण्याआधी, दक्षिणेचा आकडा ठरवा आणि तेवढेच पैसे वेगळ्या खिशात ठेवा. संकल्पात आकडा आला की 'यथाशक्ती' म्हणा, मराठी माणसाला हा शब्द सवयीचा आहे आणि त्यांनाही. आवाज चढवू नका. सगळे पंडे असे नाहीत. वंशावळीच्या वह्या राखणारे जुने तीर्थपुरोहित आहेत, घराण्याचं काम करायचं तर तिथल्या धर्मशाळेत विचारून त्यांच्याकडे जा.

ब्रह्मा मंदिरात पिशवी आणि कॅमेरा नेऊ देत नाहीत, दुपारी काही वेळ ते बंद असतं. सावित्री मंदिर रत्नगिरी टेकडीवर, रोपवे आहे, आत्याबाईंच्या आईंना पायऱ्यांची गरज नाही.

आत्याबाई

खूप आभार. एकादशीवर आई राजी झाली, 'विठोबा रागावेल का' एवढंच विचारलं.

खिल्लार

विठोबाचा विषय निघालाच आहे तर अवांतर. पुष्करची एकादशी आणि पंढरपूरची कार्तिकी ही तिथी एकच. कार्तिकीला वाखरीच्या पालखी तळावर जनावरांचा बाजार भरतो, खिल्लार बघायचे तर त्याला तोड नाही. म्हणजे दोन्ही एका वर्षात होत नाहीत. मुंबईकरांनी हजार किमी जाण्याआधी हे एकदा मनाशी ठरवावं.

सुट्टी नसेल तर कल्याणहून मुरबाड, आणि पुढे म्हसा. पौष पौर्णिमेपासून म्हसोबाची यात्रा, बैलांचा बाजार आणि घोंगड्या. सकाळी निघून रात्री घरी. त्याच पौष पौर्णिमेला जेजुरीला गाढवांचा बाजार. घोड्यांसाठी दत्त जयंतीला सारंगखेडा, तापीकाठी, नंदुरबार जिल्ह्यात. नांदेडकडे माळेगावचा खंडोबा, मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीच्या सुमारास, तिथे लाल कंधारी आणि देवणी गायी-बैल, शिवाय घोडे, गाढवं, उंट. देवस्थान आणि बाजार एकत्र बघायचं तर हे सगळे पर्याय आहेत.

सारंगखेडी

+१. राजस्थान, पंजाब, उत्तर प्रदेशचे घोडे सारंगखेड्याला येतातच. पण वाळूचं मैदान तिथे नाही हेही खरं.

निव्वळ बैल बघायचे असतील तर राजस्थानातही पुष्करपेक्षा माघातला नागौरचा मेळा सरस, नागौरी बैल तिथे. पुष्करची गंमत जनावर आणि तीर्थ एकत्र असण्यात आहे.

नभा

दोन प्रश्न. मुलं (६ आणि ९) उंटावर बसवायची का? आणि धुळीचं काय, धाकट्याला दमा आहे.

जनावरांचा_डॉक्टर

@नभा, दमा असेल तर संध्याकाळी पाच ते सात मैदान टाळा. सगळे कळप पाण्यावरून परततात, चुली पेटतात, आणि धूर-धूळ जमिनीलगत बसते. फोटो याच वेळचे सुंदर येतात म्हणून गर्दीही तेव्हाच. सकाळी दव पडलेलं असतं, धूळ दबलेली असते, तेव्हा न्या. कापडी ओढणी पुरत नाही, एन-९५ मास्क लागतो. इन्हेलर हॉटेलवर नाही, खिशात.

उंटावर बसवायला हरकत नाही, पण सहा वर्षांच्याला एकटं नको. उंट उठताना मागचे पाय आधी उचलतो, त्यामुळे बसलेला पुढे फेकला जातो. बसताना पुढचे गुडघे आधी टेकतो, पुन्हा पुढेच झोक. दोन्ही वेळा मागे रेलायचं आणि खोगिराचा खुंटा घट्ट धरायचा, हे मुलांना खाली असतानाच करून दाखवा. नाकातल्या वेसणीची जागा बघा. पू, रक्त किंवा माश्या घोंगावत असतील तर तो उंट घेऊ नका आणि का घेत नाही ते मालकाला सांगा. त्याशिवाय फरक पडत नाही. उंटगाडी मुलांसाठी जास्त बरी.

जनावरांना हात लावल्यावर साबणाने हात धुवायचे, सॅनिटायझरवर भागवायचं नाही. शेण-मातीवर तो फारसा चालत नाही. मुलांचं धनुर्वाताचं लसीकरण बघून घ्या.

आणि साथीची बातमी बघत राहा. २०२२ ला लम्पीमुळे जनावरांचा मेळा भरलाच नाही, धार्मिक भाग आणि कार्यक्रम तेवढे झाले. घोड्यांत ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाची भीती असते, त्यासाठी रक्ततपासणीचे दाखले मागतात. असं काही झालं तर घोषणा अगदी शेवटी होते, म्हणून परत मिळणारं बुकिंग करा.

ठाणे_पूर्व

कपडे?

भटका_जोगेश्वरी

दुपारी तीस अंशांच्या आसपास, पहाटे दहा-बाराच्या घरात. मुंबईचा माणूस यातल्या एकाच गोष्टीची तयारी करून जातो. पातळ थर घाला, वर विंडचीटर, कानटोपी हवीच. बूट बंद, पण जाळीचे नकोत, वाळू आत जाते.

कॅमेरा असेल तर मैदानात लेन्स बदलू नका. फोटो काढण्याआधी विचारा. सजूनधजून नाचणाऱ्या मुली आणि रावणहत्था हे तंतुवाद्य वाजवणारे पैसे मागतात, ते त्यांचं काम आहे, आधी ठरवून द्या. चुलीपाशी बसलेल्या बायकांचे फोटो न विचारता काढणं हा भांडणाचा हमखास मार्ग.

यूपीआय सगळीकडे चालतं, पण पौर्णिमेच्या दोन दिवस आधीपासून नेटवर्क गुदमरतं. दहा-वीस-पन्नासच्या नोटा मुंबईहूनच घेऊन जा.

मुलुंडकर_काका

खायचं राहिलं की.

परळकर

काका, तुम्ही येणारच या वळणावर.

पुष्कर पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, दारू नाही. ते पाळायचं, लपूनछपून नाही. रबडीतला मालपुवा तिथला खास, सकाळी घ्या, गरम असतो. दुपारनंतरचा तुपात भिजून जड झालेला असतो. कढी-कचोरी अजमेरला स्टेशनजवळही चांगली मिळते. गुलाबाची शेती आसपास असल्यामुळे गुलकंद घ्यायला हरकत नाही, पण काचेची बरणी उघडून वास घ्या. नुसता साखरेचा पाक आणि रंग असेल तर पाकळ्या तळाला चिखलासारख्या बसलेल्या दिसतात. चांगल्या गुलकंदात पाकळीचे तुकडे दाताखाली येतात.

खरेदीत उंटाच्या गळ्यातले गोरबंद. बाजारातल्या गल्लीतले बरेचसे यंत्रावरचे, लोकरीच्या जागी चकचकीत ॲक्रिलिक. मैदानात जनावरांचा साज विकणारी दुकानं वेगळी लागतात : घुंगरं, लगामाचे दोर, पितळी साखळ्या, झूल. तिथला माल जनावरासाठी बनवलेला म्हणून दणकट असतो आणि भावही सरळ. कवडी शिवलेली आहे की चिकटवलेली, ते उलटं करून बघा.

आत्याबाई

परतीचं तिकीट एकादशीच्या रात्रीचं मिळेल ना?

परळकर

@आत्याबाई, एकादशीला अजमेरहून मुंबईकडे येणाऱ्या गाड्यांत जागा असते, खरी ओढाताण पौर्णिमेच्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी. २० नोव्हेंबरचं परतीचं तिकीट २१ सप्टेंबरला उघडेल. पण ६० दिवसांचा हिशेब गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेवरून होतो, अजमेरच्या नाही. परतीची अरावली श्रीगंगानगरहून येते, त्यामुळे ती अजमेरला मध्यरात्रीनंतर लागत असेल तर आरक्षणाचा दिवसही एकाने आधी सरकतो. वेळ बघून घ्या. आईंसाठी खालचा बर्थ हवा असेल तर ज्येष्ठ नागरिकाचा कोटा निवडा, आणि त्या कोट्यात एका तिकिटावर दोघांपेक्षा जास्त नावं घालू नका, नाहीतर तो लागू होत नाही. तुमचं तिकीट वेगळं काढा.

पुष्करहून संध्याकाळी पाचच्या आत निघा. नाग पहाडाच्या घाटात एक ट्रक बंद पडला तरी पंधरा किमीला दोन तास लागतात.